रिपीट मालिका नीट बघण्यासाठी, आणि घरच्या कॅसेट वाचवण्यासाठी

जुन्या मालिका आज हव्या तेव्हा मोबाइलवर मिळतात, तरी त्या पुन्हा पुन्हा दाखवणाऱ्या वाहिन्यांची आठवण काही जात नाही. कारण मला तरी स्पष्ट दिसतं. तिथे काय बघायचं ते आपल्याला ठरवावं लागत नसे. दुपारी टीव्ही लावला की जो भाग सुरू असेल तो, अर्ध्यातून का होईना, बघायचा. आणि त्याच मिनिटाला सोलापुरात, पणजीत, इंदुरात कुणीतरी तोच प्रसंग बघत असायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणं व्हायचं. ही सोबत ॲपवर मिळत नाही, म्हणून अशा वाहिन्या टिकाव्यात असं मनापासून वाटतं.

मात्र वाहिनीवर दिसते ती प्रत बऱ्याच हातांतून आलेली असते. कुठे वरून-खालून कापलेली, कुठे आडवी ताणलेली, कुठे दोन-तीन मिनिटांनी आखूड झालेली. हे का होतं, त्यातलं काय घरच्या घरी दुरुस्त होतं आणि कपाटात पडून असलेल्या व्हीएचएस कॅसेटची किंमत त्यामुळे कशी वाढते, ते इथे लिहितो आहे.

रिपीटचा धंदा मुळात अमेरिकेतला, आणि तो सुरू झाला तो चांगली प्रत हाताशी होती म्हणून. १९५१ मध्ये 'आय लव्ह ल्यूसी' सुरू झाली तेव्हा बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट जायचे आणि दुसऱ्या किनाऱ्यावर त्यांची मॉनिटरवरून फिल्मवर उतरवलेली पुसट नक्कल पोचायची. मालिकेतली मुख्य जोडी ल्यूसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. त्यांनी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून ३५ मिमी फिल्मवर चित्रण केलं, वाढीव खर्चापोटी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मिळवली. पुढे हीच मालकी सोन्याची ठरली. चांगली फिल्म हातात होती, म्हणून मालिका पुन्हा विकता आली.

त्यानंतर तिथे एक गणित रुजलं. रिपीट मालिका सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग या हिशेबाने लावतात. शंभर भाग असले की वीस आठवडे निघतात, प्रेक्षकाला तोच भाग लगेच समोर येत नाही, म्हणून मालिकेने शंभरी गाठावी यासाठी निर्मात्यांचा जीव वरखाली व्हायचा. मुलांच्या कार्टूनसाठी ६५ भाग पुरे मानत: पाच भागांचे तेरा आठवडे, म्हणजे एक तिमाही. १ जुलै १९८५ ला निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर रात्रीच्या वेळात 'निक ॲट नाइट' सुरू झालं ते याच साठ्यावर. १९९६ मध्ये 'टीव्ही लँड' आली. ती मालिकांच्या मध्ये त्या काळच्या जाहिरातीही दाखवायची, आणि ही कल्पना मला फार आवडते, कारण मालिका ज्या शेजारात जगली तो शेजारही त्यात दिसतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना आजही शिकागोच्या वीगल कंपनीची 'मीटीव्ही' घरच्या अँटेनावर फुकट मिळते.

आपल्याकडचं गणित वेगळं होतं. दूरदर्शनच्या गाजलेल्या मालिका आठवड्याला एक भाग याच लयीत लिहिलेल्या. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं; ७८ भागांना दीड वर्ष. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत तेच सकाळी ९ आणि रात्री ९ वाजता दाखवलं गेलं आणि १८ एप्रिलला आटोपलं, म्हणजे बावीस दिवसांत. आठवडाभर वाट बघायला लावणारा भागाचा शेवट बारा तासांत सुटू लागला की त्याचा ताण उतरतो, आणि दर भागाच्या सुरुवातीची मागची उजळणी नको वाटायला लागते. ती उजळणी कापली जाते त्याचं एक कारण हेही आहे.

१३ एप्रिल २०२० ला 'डीडी रेट्रो' सुरू झाली. त्याआधी 'स्टार उत्सव' २००४ पासून स्टार प्लसच्या जुन्या मालिका दाखवत होती, पुढे 'झी अनमोल', 'रिश्ते' आणि 'सोनी पल' त्याच वाटेने गेल्या. महिन्याचे पैसे न देता छत्रीवर मिळणाऱ्या डीडी फ्री डिशमुळे या चौघी गावागावांत पोचल्या होत्या. ट्राय या नियामकाच्या नव्या दरपद्धतीनंतर, १ मार्च २०१९ ला, चौघीही फ्री डिशवरून उतरल्या; २०२० मध्ये परत आल्या आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेल्या. सांगायचा मुद्दा एवढाच की रिपीट वाहिनी कुठल्या बॉक्सवर कधी असेल याचा भरवसा नसतो. वाहिनी दिसेनाशी झाली की आधी बॉक्सचा 'ऑटो स्कॅन' करा, क्रमांक बदललेला असू शकतो. फ्री डिशचा जुना एमपेग-२ बॉक्स असेल तर एमपेग-४ मध्ये येणाऱ्या वाहिन्या त्यावर कितीही स्कॅन केलं तरी येणार नाहीत. तिथे बॉक्सच बदलावा लागतो. आणि वाऱ्याने छत्री हलली असेल तर उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे हे लक्षात ठेवा. मुंबईतून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश वर येतो. छोट्या छत्र्यांचा एलएनबी, म्हणजे समोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा, मध्यापासून खाली सरकवलेला असतो, त्यामुळे त्या दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर बघत असतात. छत्री आभाळाकडे ५८ अंश कलवू नका, खांबावरच्या खुणांप्रमाणे ठेवा आणि सिग्नलची पट्टी बघत केसाकेसाने फिरवा.

आता चित्राकडे. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

त्या काळच्या मालिका ४:३ आकारात आहेत. आपली पद्धत पाल: ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, आधी एकाआड एक रेषा आणि मग उरलेल्या. आजचा टीव्ही १६:९. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर बसवायचे तीन मार्ग आहेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवायच्या, हा एकच प्रामाणिक मार्ग. दुसरा, चित्र आडवं ताणायचं: सगळं ३३ टक्के रुंद होतं, माणसं बुटकी आणि गुबगुबीत दिसतात. तिसरा, वरून-खालून कापायचं: ५७६ पैकी ४३२ रेषा उरतात, चौथा हिस्सा चित्र जातं, आणि उरलेलं मोठं करून दाखवल्याने आणखी पुसट होतं. काळ्या पट्ट्या दिसल्या की प्रेक्षक तक्रार करतात, या भीतीने वाहिन्या दुसरा किंवा तिसरा मार्ग धरतात.

कापण्याने काय होतं याची उदाहरणं बाहेरची आहेत, पण बोलकी आहेत. 'द सिम्पसन्स' डिस्ने प्लसवर २०१९ मध्ये रुंद करून आली. एका प्रसंगात बिअरच्या तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या वरच्या एकाच नळातून भरत असतात, विनोद तोच. चित्र वरून कापलं आणि नळच गेला. लोकांनी आवाज उठवल्यावर मे २०२० मध्ये मूळ आकार परत मिळाला. 'साइनफेल्ड' नेटफ्लिक्सवर रुंद आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला. आपल्या मालिकांत हे रोज होतं, फक्त त्याची बातमी होत नाही. बैठकीत वाढलेलं ताट, नमस्कारासाठी खाली आलेला हात, उभ्या माणसाचा फेटा: सगळं कडेला असतं आणि कडाच जातात.

आपल्या टीव्हीवर काय चाललंय ते ओळखायला पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधा. रथाचं चाक, भिंतीवरचं घड्याळ, समोरून दिसणारी थाळी. गोल असेल तर आकार बरोबर. अंडाकृती आडवं असेल तर कुणीतरी ताणलंय. आता ते कोण, हे शोधायचं. टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइझ किंवा ॲस्पेक्ट १६:९ वर ठेवा, मग सेट टॉप बॉक्सच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'पिलर बॉक्स' किंवा 'ऑटो' निवडा. चाक गोल झालं तर दोष बॉक्सचा होता आणि तो गेला. तरीही आडवंच दिसत असेल तर वाहिनीनेच ताणून पाठवलंय. अशा वेळी टीव्हीचा आकार ४:३ करा. पूर्ण चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं जाऊन माणसं मूळ अंगाची होतात. मधल्या जाहिराती तेवढ्या लांबुडक्या दिसतील, त्या दिसू देत. उलट वाहिनीने काळ्या पट्ट्या चित्रातच घालून पाठवलेल्या असतील आणि टीव्ही ४:३ वर असेल तर चेहरे ओढल्यासारखे उभे होतात. तिथे १६:९ वरच राहा. चारी बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये छोटंसं चित्र आलं, तर बॉक्स आणि वाहिनी दोघांनी आपापल्या पट्ट्या घातल्या आहेत. टीव्हीचा 'झूम' तिथे वापरावा, आणि फक्त तिथेच. वाहिनीने कापून पाठवलेलं चित्र मात्र कुठल्याही बटणाने परत येत नाही.

काही टीव्हींत मधला भाग ठीक ठेवून फक्त कडा ताणणारा प्रकार असतो. कॅमेरा बाजूला सरकला की भिंती रबरासारख्या ताणतात आणि आकसतात. तो बंदच ठेवा.

यानंतर तीन गोष्टी बघा. पहिली, बॉक्सचं आउटपुट ५० हर्ट्‌झ आहे ना. ६० वर असेल तर सेकंदाला २५ चित्रांचा माल ६० मध्ये नीट वाटला जात नाही, आणि खालून वर जाणारी नामावली अडखळत सरकते. नामावलीच ही चाचणी उत्तम देते. ५० वर ती सुतासारखी जाते. दुसरी, टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीगणिक तिचं नाव वेगळं असतं, बहुधा नावात 'मोशन' असतं. फिल्मवर घेतलेल्या मालिकेला ती व्हिडिओसारखं दाखवते, आणि जुन्या टेपवरच्या कणांना हालचाल समजून चेहऱ्याभोवती पाण्यासारखी थरथर आणते. तिसरी, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. जुन्या चित्रात तपशील कमी असतो. शार्पनेस वाढवला की तपशील येत नाही, फक्त प्रत्येक कडेला पांढरी रेघ येते.

काही दोष मूळ टेपमध्येच असतात आणि ते ओळखता आले की त्यांचा त्रास कमी होतो. बारीक रेघांच्या किंवा चौकटीच्या साडीवर इंद्रधनुषी झिळमिळ दिसते. पालमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर चित्राच्याच सिग्नलमध्ये मिसळलेली असते, आणि रेघा तितक्याच बारीक असल्या की त्यांना रंग समजलं जातं. दिव्याच्या ज्योतीमागे, दागिन्याच्या चमकेमागे शेपटी राहते, ती ट्यूब असलेल्या कॅमेऱ्यांची सवय: प्रखर प्रकाशाचा ठसा ट्यूबवरून पुसायला वेळ लागायचा. घरातले प्रसंग सरसरीत आणि बाहेरचे किंचित वेगळ्या लयीचे, कणीदार दिसत असतील, तर आतलं चित्रण व्हिडिओवर आणि बाहेरचं १६ मिमी फिल्मवर केलेलं असतं. ब्रिटिश मालिकांत तर हा शिरस्ताच होता. आणि 'एचडी रिमास्टर' या शब्दाकडे जरा बारकाईने बघा. फिल्मवर घेतलेली मालिका फिल्म पुन्हा स्कॅन करून खरोखर एचडी होते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका फिल्मवर घेतलेली, पण जुळणी टेपवर झालेली, म्हणून एचडीसाठी मूळ निगेटिव्ह शोधून सगळे भाग नव्याने जुळवावे लागले. जी मालिका थेट टेपवर घेतली, तिच्यात ५७६ रेषांपलीकडे काही नाहीच. तिला एचडी म्हटलं तरी ती फुगवलेलीच असते.

लांबीचं कारण सोपं आहे. आपल्याकडे केबलच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटं जाहिराती चालतात: १० मिनिटं विकलेल्या आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. अर्ध्या तासात मालिकेला २४ मिनिटं उरतात. मूळ भाग २६-२७ मिनिटांचा असेल तर कुठून तरी दोन-तीन मिनिटं काढणं आलं. आधी शीर्षकगीताची कडवी जातात, मग मागची उजळणी, मग प्रसंगांमधले बिनसंवादाचे तुकडे: कुणी जिना चढतंय, कुणी दाराशी थांबलंय. कात्री लागलेली जागा कानाला कळते, पार्श्वसंगीत मध्येच तुटून अचानक बदलतं. अमेरिकेत काही वाहिन्या भागाचा वेगच थोडा वाढवून वेळ मिळवतात. गाण्यांचे हक्क हा आणखी एक खिळा: 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची मालिका, तिच्यातली खरी गाणी हक्क परवडेनात म्हणून पुढच्या प्रक्षेपणांत बदलली गेली. रेडिओवरच्या मालिकेतून गाणी गेली तर उरतं काय?

सगळ्यात जास्त वाईट मला शेवटच्या नामावलीचं वाटतं. ती एका कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ढकलतात आणि पळवतात. कॅमेरा, संकलन, रंगभूषा, नेपथ्य करणाऱ्यांपैकी अनेकांची नोंद दुसरीकडे कुठेही नसते. ती आठ-दहा ओळींची नामावली हाच त्यांच्या कामाचा पुरावा आहे, आणि रिपीटमध्ये तोच वाचता येत नाही.

म्हणून घरच्या कॅसेट. निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे असते ती मालिकेची स्वच्छ प्रत. त्या संध्याकाळी प्रत्यक्ष काय दिसलं, म्हणजे निवेदिकेचं दोन वाक्यांचं निवेदन, जाहिराती, मध्येच आलेली व्यत्ययाची पाटी, पूर्ण नामावली, हे फक्त कुणी घरी रेकॉर्ड केलं असेल तरच उरतं. टेप महाग असायची आणि पुसून पुन्हा वापरली जायची. बीबीसीसारख्या संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य कार्यक्रम असे घालवले, आणि त्यांतले काही पुढे लोकांच्या खासगी संग्रहांतून परत मिळाले. तुमच्याकडे सह्याद्री वाहिनीचं किंवा त्याआधीच्या मुंबई केंद्राचं काही रेकॉर्ड केलेलं असेल तर ते आत्ताच उतरवून घ्या.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी दोन कामं. पाठीच्या कडेला डावीकडची छोटी प्लास्टिकची टिकली तोडलेली आहे का बघा. नसेल तर तोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. मग खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. कडेवर पांढरे, पिठासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हे सर्रास होतं. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवून ती पूर्ण सुकू द्या. सुकली की तिची भुकटी होते. मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, वायुवीजनात, जुन्या रिवाइंडरवर मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाच्या चिमटीतून टेप हळू फिरवा. ऊन किंवा हेअर ड्रायर वापरू नका, टेप वाकडी होते आणि ती पुन्हा सरळ होत नाही.

बाकीच्या कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या टेपची गुंडाळी कुठे सैल, कुठे घट्ट झालेली असते. तशीच लावली तर चित्र हेलकावतं आणि आवाज लहरतो. टेप तुटलेली असेल तर कॅसेटचे पाच स्क्रू काढून उघडा आणि स्प्लायसिंग टेपने, चुंबकीय लेप नसलेल्या बाजूने जोडा. साधा सेलोटेप वापरला तर त्याचा डिंक पाझरतो आणि हेड जाम करतो.

व्हीसीआर शक्यतो तोच घ्या ज्यावर रेकॉर्डिंग झालं होतं. हेडचा कोन यंत्रागणिक किंचित वेगळा असतो, स्वतःची टेप स्वतःला नीट वाचता येते. हेड साफ करताना आधी प्लग काढा, मग वरचं झाकण काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये शॅमॉय (मऊ चामडं) किंवा धागे न सोडणारं कापड भिजवा, ते हेड बसवलेल्या गोल ड्रमला हलकेच टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. कापड वर-खाली कधीही घासू नका. हेड केसाएवढे नाजूक असतात, तुटतात. कानात घालायच्या कापसाच्या काड्या नकोत, त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. दहा मिनिटं वाळू द्या, मग सुरू करा.

व्हीसीआरच्या मेनूत 'ब्लू बॅक' नावाची सोय असेल तर बंद करा. सिग्नल कमजोर झाला की ती अख्खा पडदा निळा करते, आणि थोड्या कचऱ्यासकट का होईना दिसत असलेलं चित्र आपल्या प्रतीत येतच नाही. व्हीसीआरच्या ट्रॅकिंगच्या बटणाने पांढऱ्या रेषांचा पट्टा खाली सारा. चित्राच्या अगदी तळाशी सहा-आठ रेषांची खरखर राहीलच. ती हेड बदलण्याची जागा आहे, जुन्या टीव्हीत ती काचेच्या कडेखाली झाकलेली असायची.

संगणकात घ्यायला बाजारात दोन प्रकार मिळतात. लाल-पांढरी-पिवळी वायर एका बाजूला आणि एचडीएमआय दुसऱ्या बाजूला अशा छोट्या डब्या स्वस्त आहेत, पण या कामाला घेऊ नका: बहुतेक डब्या चित्र १६:९ मध्ये ताणतात, ६० हर्ट्‌झ करतात आणि दोन अर्ध्या चित्रांची मिसळण ओबडधोबड करून टाकतात. यातलं काहीच मागे फिरवता येत नाही. यूएसबीचं कॅप्चर उपकरण घ्या, संगणकावर व्हर्च्युअलडब हा प्रोग्रॅम लावा, आणि पद्धत 'पाल बी' निवडा. चित्र कृष्णधवल किंवा फिरत येत असेल तर ते एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीवर राहिलंय. आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५, आणि अर्धी चित्रं वेगळी ठेवणारं इंटरलेसिंग तसंच राहू द्या. आवाज त्याच यूएसबी उपकरणातून घ्या. आवाज संगणकाच्या वेगळ्या भोकातून घेतला तर दोन घड्याळं वेगळी चालतात आणि तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी ओठ आणि शब्द जुळत नाहीत. गाळलेल्या चित्रांचा आकडा पडद्यावर दिसतो, तो वाढायला लागला की बाकीचे प्रोग्रॅम बंद करा.

चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकत असेल किंवा उभ्या कडा लाटांसारख्या हलत असतील, तर टेपचा वेग किंचित कमी-जास्त होतोय. जुना ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, कॅप्चर उपकरण घेत नाही. यावर टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेषांची वेळ पुन्हा सरळ लावून देणारं उपकरण, लागतो. तो महाग आहे, पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये जोडले तर तेच काम बऱ्यापैकी करतात, डिस्क न घालतासुद्धा.

जागेचा हिशेब असा. कुठलीही काटछाट न करता तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या दर्जा न घालवणाऱ्या पद्धतीने ३० ते ४० जीबी. डीव्हीमध्ये १३ जीबी. ई-१८० कॅसेट म्हणजे तीन तास, म्हणजे दर्जा न घालवता शंभरेक जीबी. शक्य असेल तर मूळ प्रत याच पद्धतीने ठेवा आणि बघण्यासाठी वेगळी एमपी४ करा. एमपी४ करताना हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस (अर्धी चित्रं जोडून पूर्ण करणं) 'बॉब' प्रकारात ठेवा, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि मूळची सरसरीत हालचाल टिकते. २५ वर केलं तर निम्मी हालचाल जाते; डीइंटरलेस केलंच नाही तर हात हलला की कडांना कंगव्याचे दात दिसतात. यूट्यूबवरच्या सह्याद्रीच्या आणि प्रसार भारतीच्या जुन्या कार्यक्रमांत हे दात दिसले तर तो दोष फाइल करतानाचा आहे, मूळ चित्रणाचा नाही. आकार ४:३ राहील एवढं बघा, म्हणजे ७६८ बाय ५७६.

परदेशातल्या नातेवाइकांकडून परत आलेल्या कॅसेट वेगळ्या ठेवा. अमेरिकेत पाल कॅसेट चालत नसे, म्हणून त्या एनटीएससीत बदलून घेतलेल्या असू शकतात: ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रं, आणि हालचालीत एका चित्रावर दुसऱ्याची सावली. त्या एनटीएससी वाचणाऱ्या व्हीसीआरवर आणि एनटीएससी सेटिंगवरच उतरवा. त्याच भागाची पाल कॅसेट कुणाकडे असेल तर ती आधी घ्या.

मूळ प्रतीतून जाहिराती आणि निवेदन कापू नका. बघण्याच्या प्रतीत हवं तर कापा. फाइलच्या नावात मालिका, वाहिनी आणि प्रक्षेपणाची तारीख लिहा. तारीख माहीत नसेल तर जाहिरातींवरून आणि बातम्यांच्या मथळ्यांवरून वर्ष बहुतेक वेळा ठरवता येतं. हक्क निर्मात्याचे किंवा वाहिनीचे असल्याने अख्खे भाग परस्पर नेटवर चढवू नका. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या घरात. आणि कॅसेट उतरवून झाली म्हणून टाकू नका: शेवटपर्यंत फिरवून, डब्यात, उभी, स्पीकर आणि ओल्या भिंतीपासून लांब ठेवा. पुढे अधिक चांगलं उपकरण हाती आलं तर तीच पुन्हा उतरवता येईल.